हॅरी हुडिनी : पुरावा मागणारा जादूगार



जादूगार म्हटला की हातचलाखीने लोकांना फसवणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु ज्या जादूगाराचे चरित्र आज आपण पाहणार आहोत, त्याने आयुष्याची अखेरची चार-पाच वर्षे लोकांनी फसू नये म्हणून खर्ची घातली. त्याचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. त्याच्या विरुद्ध बाजूला मात्र विद्यापीठांतील शास्त्रज्ञ होते, शस्त्रवैद्य होते आणि इंग्लंडच्या राजाने ‘सर’ ही पदवी दिलेला एक जगप्रसिद्ध लेखक होता. तरीही त्या वादात पुरावा जादूगाराच्या बाजूने राहिला. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

गरिबीतील बालपण

हुडिनीचे मूळ नाव एरिक वाइस. २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील मेयर सॅम्युएल वाइस हे रब्बी, म्हणजे ज्यू धर्माचे विद्वान होते. १८७८ साली हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन या गावी स्थायिक झाले. वडील जुन्या वळणाचे. प्रवचन जर्मन भाषेतून देत. काही वर्षांतच त्यांची नोकरी गेली. तेथून मिलवॉकी, मिलवॉकीहून न्यूयॉर्क अशी कुटुंबाची फरफट झाली. एरिकने वर्तमानपत्रे विकली, बुटांना पॉलिश केले, निरोप्या म्हणून काम केले आणि नेकटाय बनविण्याच्या कारखान्यातही तो राबला. १८९२ साली वडील वारले. आईला कधी काही कमी पडू देणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता आणि तो अखेरपर्यंत पाळला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी परीक्षा याच मातृप्रेमाची झाली.

याच सुमारास रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र त्याच्या वाचनात आले. त्या नावापुढे एक ‘ई’ लावून त्याने स्वतःला हुडिनी म्हणवून घेतले. या रोबेर-उदँची एक हकीकत आपण मुसलमानांनी अवश्य जाणून घ्यावी. १८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला मुद्दाम अल्जीरियात पाठविले. तेथील अरब जमातींवर काही मराबुतांचा, म्हणजे चमत्कार दाखविणाऱ्या पीर-फकिरांचा, मोठा पगडा होता आणि त्यांच्यामुळे लोक बंड करतील अशी राज्यकर्त्यांना भीती वाटत होती. रोबेर-उदँने रंगमंचावर एक छोटी पेटी ठेवली. एका धिप्पाड अरबाने ती सहज उचलली. मग जादूगाराने जाहीर केले की आता मी तुझी ताकद काढून घेतो. त्या माणसाने सारा जोर लावला, पण पेटी तसूभरही हलली नाही. रहस्य एवढेच होते की पेटीच्या तळाला लोखंडी पत्रा होता आणि रंगमंचाखाली विद्युतचुंबक होता. आज आपल्या हायस्कुलातील विद्यार्थी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून आणि बॅटरी जोडून तोच प्रयोग करतो. ज्यांना हा एक धडा ठाऊक नव्हता, त्यांना परके राज्यकर्ते आपल्याहून मोठ्या शक्तीचे धनी वाटावेत, हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. विज्ञानाचे अज्ञान केवळ परीक्षेत नापास करीत नाही, कधी कधी ते गुलामगिरीही पक्की करते.

ज्या पापाची त्याला पुढे लाज वाटली

१८९४ साली हुडिनीचे बेस नावाच्या तरुणीशी लग्न झाले. दोघे मिळून गावोगाव खेळ करीत, पण पोट भरत नसे. १८९७-९८ च्या हिवाळ्यात कॅन्सस भागात औषधे विकणाऱ्या एका फिरत्या मंडळीत ती दोघे होती. धंदा बसला तेव्हा मालकाने सुचविले की मृतात्म्यांना बोलाविण्याचा कार्यक्रम कर. हुडिनीने तो केला. गावात पोहोचताच तो कब्रस्तानात जाई आणि थडग्यांवरील नावे व तारखा टिपून घेई. गावातील बोलक्या म्हाताऱ्यांकडून कोणाच्या घरात काय घडले ते काढून घेई. रात्री रंगमंचावर तीच माहिती आत्म्याचा निरोप म्हणून सांगे. लोक हुंदके देऊन रडत.

प्रेक्षकांची गर्दी होऊ लागली, पैसाही येऊ लागला. परंतु ज्यांची लेकरे मेली आहेत अशा आईबापांचे खरे अश्रू पाहून त्याला आपल्या कामाची शरम वाटू लागली आणि त्याने ते सोडून दिले. आपण केले ते गुन्ह्यासारखेच होते, हे त्याने पुढे स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने मान्य केले. परंतु त्या अनुभवातून एक गोष्ट तो कायमची शिकला. समोरच्या माणसाला विश्वास ठेवण्याची गरज असेल, तर त्याला फसविण्यास फारशी हुशारी लागत नाही.

१८९९ नंतर त्याचे दिवस पालटले. बेड्या, साखळदंड, कुलूपबंद पेट्या आणि तुरुंगाच्या कोठड्या यांतून सुटून दाखविणारा हुडिनी अमेरिका व युरोपभर गाजला. १९०२ साली जर्मनीतील एका पोलिस अधिकाऱ्याने त्याला लबाड ठरविले, तेव्हा तो थेट कोर्टात गेला, न्यायाधीशांसमोर बेड्या सोडवून दाखविल्या आणि खटला जिंकला. तो बढाईखोर होता आणि जाहिरातीचा शौकीन होता. आपला जन्म अमेरिकेतच झाला असेही तो लोकांना सांगत असे. पण एका बाबतीत त्याने कधी घोळ घातला नाही. आपले खेळ हे सराव, कौशल्य आणि युक्ती यांचे फळ आहे, त्यात कोणतीही दैवी शक्ती नाही, असे तो नेहमी सांगत आला.

परलोकाशी बोलणारा पंथ

आता त्या काळच्या एका विलक्षण पंथाची माहिती घेतली पाहिजे. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या दोन अल्पवयीन बहिणींच्या घरात रात्री ठकठक असे आवाज येऊ लागले. मृतात्मा आपल्या प्रश्नांना उत्तरे देतो, असे मुली म्हणू लागल्या. बघता बघता यातून एक नवा धर्मच उभा राहिला. त्याला प्रेतात्मवाद म्हणू या. त्याची प्रार्थनामंदिरे निघाली, धर्मगुरू झाले, नियतकालिके निघाली. ज्याच्या अंगात आत्मा येतो असे मानले जाई त्याला मीडियम म्हणत. काळोख्या खोलीत सर्वांनी हातात हात घेऊन बसावे, मग टेबल हलावे, घंटी वाजावी, आवाज यावा, असा प्रकार असे. आपल्याकडे सुशिक्षित घरांत आणि कॉलेजच्या वसतिगृहांत प्लँचेटचा जो खेळ चाले, तो याच पंथाकडून आलेला आहे.

१८८८ साली मॅगी फॉक्सने न्यूयॉर्कमधील एका नाट्यगृहात हजारो लोकांपुढे कबूल केले की ते आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढीत होतो. तिने ते तेथेच करूनही दाखविले. पुढल्या वर्षी तिने कबुली मागे घेतली खरी, पण सांधे तर वाजवून झाले होते. एवढे होऊनही पंथ बुडाला नाही. कारण तोपर्यंत त्याला मोठमोठ्या नावांचा आधार मिळाला होता. रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स, निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि पदार्थवैज्ञानिक ऑलिव्हर लॉज हे सारे त्याचे समर्थक होते. सामान्य माणूस म्हणे, एवढे विद्वान मानतात तर त्यात तथ्य असलेच पाहिजे.

पुढे १९१४ ते १९१८ चे महायुद्ध झाले आणि त्याच्या शेवटी इन्फ्लुएन्झाची साथ आली. युरोपात लाखो घरांतील तरुण मुले गेली. कित्येकांचे प्रेतही आईबापांना पाहायला मिळाले नाही. अशा घरांच्या दारी मीडियम जाऊन उभे राहिले.

शेरलॉक होम्सचा निर्माता

या पंथाचा सर्वांत मोठा प्रचारक झाले सर आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स या बुद्धिमान गुप्तहेराची पात्रनिर्मिती करणारे हेच ते लेखक. ते पेशाने डॉक्टर होते आणि माणूस म्हणून सज्जन होते. जॉर्ज एडलजी नावाच्या तरुण वकिलाला १९०३ साली इंग्लंडमध्ये गुरांना जखमी केल्याच्या खोट्या आरोपावरून सात वर्षांची सजा झाली होती. त्याचे वडील मुंबईच्या पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते. डॉयल यांनी त्याची नजर अतिशय अधू असल्याचे हेरले. असा माणूस काळोख्या रात्री शेते तुडवीत जाऊन हे काम करणेच कठीण, असे त्यांनी दाखवून दिले. १९०७ साली सरकारला त्या आरोपातून एडलजीला माफी द्यावी लागली. पुरावा कसा तपासावा हे डॉयल यांना कळत नव्हते, असे मुळीच नव्हते.

परलोकविद्येकडे त्यांचा ओढा जुनाच होता आणि १९१६ पासून ते उघडपणे तिचा पुरस्कार करू लागले. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्धात जखमी झालेला त्यांचा मुलगा किंग्सली इन्फ्लुएन्झाने गेला. काही महिन्यांतच भाऊही गेला. त्यानंतर हाच आपल्या जीवनाचा धर्म, असे मानून ते देशोदेशी व्याख्याने देत फिरू लागले. सभागृहे तुडुंब भरत. श्रोत्यांना वाटे, शेरलॉक होम्सला ज्यांनी जन्म दिला त्यांना कोण फसविणार?

परंतु त्यांना दोन शाळकरी मुलींनी फसविले. १९१७ साली इंग्लंडमधील कॉटिंग्ले या गावी सोळा वर्षांच्या एल्सी राइटने आणि नऊ वर्षांच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्सने ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे काढली. डॉयल यांनी १९२० साली ती मासिकात छापली आणि १९२२ साली त्यावर पुस्तकही लिहिले. त्या पऱ्या कागदावर चितारून कात्रीने कापलेल्या होत्या आणि टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ साली, म्हातारपणी, कबूल केले. एवढ्या मोठ्या माणसाने विश्वास ठेवल्यावर खरे सांगण्याची हिंमतच आम्हाला झाली नाही, असेच त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते.

आईचे पत्र

१७ जुलै १९१३ रोजी हुडिनीची आई वारली. तो तेव्हा कोपनहेगनला होता. तार मिळताच तो बेशुद्ध होऊन पडला. या दुःखातून तो कधीच पुरता सावरला नाही. आईचा एखादा शब्द ऐकायला मिळावा, ही त्याची तळमळ होती. त्यासाठी तो अनेक मीडियमांकडे गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याला ओळखीची हातचलाखीच दिसली.

१९२० साली इंग्लंडमध्ये डॉयल आणि हुडिनी यांचा परिचय होऊन स्नेह जुळला. १७ जून १९२२ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथील हॉटेलात लेडी डॉयल यांनी हुडिनीच्या आईला बोलाविण्याचे ठरविले. त्या मीडियम म्हणून बसत, पण पैसे घेत नसत. हुडिनीने डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. लेडी डॉयल यांचा हात कागदावर धावू लागला. पंधरा पाने भरली. आई सुखात आहे, मुलाला भेटून आनंदित झाली आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात होता.

हुडिनीने पाने पाहिली. सुरुवातीस क्रूसाचे चिन्ह काढलेले होते. एका ज्यू धर्मगुरूची पत्नी क्रूस कशाला काढील? मजकूर शुद्ध इंग्रजीत होता. आईला तर इंग्रजी लिहिता येत नव्हते. ती मुलाशी जर्मन भाषेत बोले. शिवाय हुडिनीच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवस आईच्या जन्मदिनाचा होता आणि पंधरा पानांत त्याचा साधा उल्लेखही नव्हता.

मित्रांनो, या प्रसंगापाशी थोडे थांबावे. समोर मित्र होता, त्याची सत्शील पत्नी होती आणि दोघांनाही पैशाचा लोभ नव्हता. आईचे पत्र हाती आले होते. ते खरे मानले असते तर मनाला शांती मिळाली असती आणि मैत्रीही टिकली असती. परंतु जे पत्र आईचे नाही ते आईचे म्हणणे, हा आईच्याच आठवणीचा अपमान होईल, असे त्याला वाटले. काही महिन्यांनी त्याने आपले मत वर्तमानपत्रातून जाहीर केले आणि मैत्री तुटली. डॉयल दांपत्य जाणूनबुजून फसवीत आहे, असे मात्र त्याने म्हटले नाही. ते प्रामाणिक आहेत, पण स्वतःच फसले आहेत, असे त्याचे मत होते.

डॉयल यांची समजूत याहून विचित्र होती. हुडिनीच्या अंगी खरोखरच अलौकिक शक्ती आहे, पेटीतून बाहेर पडताना त्याचे शरीर विरघळते आणि तो ती शक्ती लपवून ठेवतो, असे ते म्हणत. खेळ करणारा स्वतः सांगतो की ही युक्ती आहे, आणि श्रद्धावान त्याला सांगतो की नाही, तो चमत्कारच आहे!

बोस्टनची तपासणी

डिसेंबर १९२२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने बक्षिसे जाहीर केली. आत्म्याचे अस्सल छायाचित्र दाखविणाऱ्यास २,५०० डॉलर आणि परीक्षकांसमोर खरा चमत्कार करून दाखविणाऱ्यास २,५०० डॉलर. परीक्षक मंडळात हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल आणि पदार्थवैज्ञानिक डॅनियल कॉमस्टॉक यांच्यासारखे विद्वान होते आणि जोडीला हुडिनी होता.

बोस्टनमधील एका नामवंत शस्त्रवैद्याची पत्नी मिना क्रँडन ही ‘मार्जरी’ या टोपणनावाने पुढे आली. घरची श्रीमंती, बोलणे गोड, पैशाची अपेक्षा नाही. तिचा मृत भाऊ वॉल्टर अंधारात येऊन बोले आणि घंटी वाजवी. मंडळाचे चिटणीस तिच्याच घरी पाहुणे म्हणून उतरत, तिच्याच टेबलावर जेवत आणि मासिकात तिच्याविषयी अनुकूल लेख लिहीत. बक्षीस तिला मिळणार, अशी हवा झाली तेव्हा कोठे हुडिनीला बोलावणे गेले.

२३ जुलै १९२४ च्या बैठकीपूर्वी हुडिनीने दिवसभर गुडघ्याखाली रबरी पट्टी घट्ट बांधून ठेवली. त्यामुळे पायाची कातडी हुळहुळी झाली आणि किंचित स्पर्शही जाणवू लागला. अंधारात त्याने विजार वर सरकवली आणि आपला पाय मार्जरीच्या पायाला लावून ठेवला. तिचा घोटा हळूहळू घंटीच्या पेटीकडे सरकताना त्याला स्पष्ट कळला, आणि लागलीच घंटी वाजली. याच बैठकीत एक कर्णा हवेतून फेकला गेला. तो तिने अंधारात डोक्यावर टोपीसारखा घालून मानेने उडविला, असा उलगडा त्याने केला. पुढे ऑगस्टमध्ये तिला लाकडी पेटीत बसवून परीक्षा झाली. पेटीत एक घडीची फूटपट्टी सापडली आणि ती कोणी ठेवली यावरून दोन्ही पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. तो वाद अखेरपर्यंत मिटला नाही. पण फेब्रुवारी १९२५ मध्ये मंडळाने बहुमताने बक्षीस नाकारले. १९३२ साली असेही उघडकीस आले की वॉल्टरच्या आत्म्याने मेणावर उमटविलेला म्हणून दाखविला जाणारा अंगठ्याचा ठसा मार्जरीच्या ओळखीच्या एका जिवंत दंतवैद्याचा होता.

प्राध्यापक चकले आणि जादूगार चकला नाही, याचे कारण सोपे आहे. शास्त्रज्ञाला निसर्गाशी काम करण्याची सवय असते आणि निसर्ग लबाडी करीत नाही. लबाडीची तपासणी लबाडीचे शास्त्र जाणणाराच करू शकतो. एका विषयातील मोठेपणा दुसऱ्या विषयात पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

गावोगाव लढा

१९२४ साली हुडिनीने आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढची दोन वर्षे त्याच्या खेळाचा एक मोठा भाग याच कामाला वाहिलेला असे. काही प्रेक्षकांना तो रंगमंचावर बोलावी, त्यांचे डोळे झाकी आणि त्यांच्यासोबत बैठक मांडी. त्यांना आत्मा घंटी वाजवतो असे वाटे, आणि सभागृहातील लोकांना हुडिनीचा पाय घंटी वाजविताना उजेडात दिसे. आपल्याला समजू न शकणारा चमत्कार करून दाखविणाऱ्यास १०,००० डॉलर देण्याचे आव्हानही त्याने दिले. ते पैसे कोणी नेले नाहीत. १९२५ साली क्लीव्हलँड शहरात तो वेष पालटून एका बैठकीला गेला आणि अंधारात तेथील कर्ण्यांना त्याने काजळी फासली. टॉर्च लावला तेव्हा मीडियमचे तोंड व हात काळे झालेले सर्वांनी पाहिले.

त्याच्या हाताखाली रोझ मॅकेनबर्ग नावाची एक धीट स्त्री काम करी. हुडिनी गावात येण्याआधी ती वेष पालटून मीडियमांकडे जाई. तिचे लग्नच झाले नव्हते, तरी मृत नवऱ्याचे निरोप तिला मिळाले. थोडेसे पैसे भरून ती या पंथाची दीक्षित धर्मगुरूसुद्धा झाली, आणि तेही एकाहून अधिक वेळा!

१९२६ साली अमेरिकेच्या राजधानीत पैसे घेऊन भविष्य सांगण्यास बंदी घालणारे विधेयक आले. हुडिनीने फेब्रुवारी व मे महिन्यांत संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आपण कोणत्याही धर्मावर हल्ला करीत नाही, फसवून पैसे काढण्यावर करीत आहोत, असे त्याने बजावले. त्याने एक तार चुरगाळून खाली टाकली आणि हजर असलेल्यांपैकी कोणीही तिच्यातील मजकूर ओळखावा असे आव्हान दिले. कोणाला तो ओळखता आला नाही. विधेयक मात्र मंजूर झाले नाही.

त्याच उन्हाळ्यात इजिप्तचा फकीर अशी जाहिरात झालेला रहमान बे न्यूयॉर्कला आला. बंद पेटीत, पाण्याखाली तो तासभर राहिला आणि ही समाधीची गूढ शक्ती आहे असा गवगवा झाला. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बावन्न वर्षांचा हुडिनी तशाच बंद पेटीत हॉटेलच्या तलावात उतरला आणि ९१ मिनिटे राहून बाहेर आला. समाधी वगैरे काही नाही, घाबरायचे नाही, हालचाल करायची नाही आणि श्वास अगदी हलका घ्यायचा, एवढेच यात आहे, असे त्याने सांगितले. खाणीत अडकलेल्या कामगारांचे प्राण वाचावेत म्हणून ही माहिती त्याने सरकारच्या खाण विभागाच्या डॉक्टरांना कळविली. ज्या ज्ञानाचे एकाने गूढ केले, त्याचा दुसऱ्याने धडा केला.

ऑक्टोबर १९२६ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे एका तरुणाने त्याच्या पोटात बेसावध असताना ठोसे मारले. दुखणे अंगावर काढून तो पुढील खेळ करीत राहिला. आंत्रपुच्छ फुटल्याने पोटात विषार पसरला आणि ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटच्या इस्पितळात त्याचे निधन झाले. परलोकातून बोलता आलेच तर अमुक सांकेतिक शब्द कळवीन, असे त्याने पत्नीला सांगून ठेवले होते. १९२९ साली एका मीडियमने तो संकेत मिळाल्याचा दावा केला, परंतु पुढे बेसनेच तो नाकारला. दरवर्षी ती वाट पाही. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी हॉलिवूडमधील एका हॉटेलाच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. कोणी आले नाही, आणि बेसने दहा वर्षे जपलेला दिवा विझविला.

आपण काय घ्यावे?

काही पालकांना वाटेल की हा सारा प्रकार सातासमुद्रापलीकडचा आहे. परंतु परीक्षेचे पेन फुंकून देणारे, कर्करोगावर पाणी मंतरून देणारे आणि लग्न जुळविण्यासाठी हजारो रुपये मागणारे आमिल व बाबा आपल्या गल्लीतही आहेत. सिनेनट किंवा खेळाडू एखाद्या बाबाच्या पायाशी बसला वा एखाद्या ताकदीच्या पुडीची जाहिरात करू लागला की आपल्या मुलांना ते खरे वाटते. असल्या जादुई इलाजांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर फसव्या जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा तक्रारीनंतर येतो. तोपर्यंत मुलीच्या फीचे पैसे गेलेले असतात आणि रुग्णाचे मोलाचे महिने वाया गेलेले असतात.

कोणी म्हणेल की प्रश्न विचारणे हे इमानाला बाधक आहे. त्यांनी हदीसच्या ग्रंथांतील तो प्रसिद्ध प्रसंग आठवावा. हजरत पैगंबर (स.) यांचे लहानगे पुत्र हजरत इब्राहीम यांचा ज्या दिवशी इंतकाल झाला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की पैगंबरपुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. त्या क्षणी गप्प राहिले असते तरी लोकांची श्रद्धा वाढलीच असती. पण पुत्रशोकात असतानाही त्यांनी लोकांना समजावले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत आणि कोणाच्याही जन्ममृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही. ज्यांच्या शब्दावर लाखोंचा विश्वास असतो, त्यांची जबाबदारी किती मोठी असते, हे यातून दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी चमत्काराची गोष्ट सांगितली तर भांडू नका, थट्टाही करू नका. शांतपणे चार प्रश्न विचारा. हे उजेडात होईल का? सांगणाऱ्याला ही माहिती अगोदर कोणाकडून कळली असेल का? यात पैसा किंवा मान कोणाला मिळतो? आणि ज्या मोठ्या माणसाचे नाव घेतले जाते, तो या विषयातील जाणकार आहे का? पालकांनीही घरात मुलांना असे प्रश्न विचारू द्यावेत. घरात कोणी आजारी असेल किंवा मृत्यू झाला असेल, तेव्हा तर विशेष सावध राहावे, कारण दुःखाच्या वेळी माणसाची पारख मंद होते आणि ठग नेमके तेव्हाच दार ठोठावतात. दुआ जरूर करावी, ती फुकट असते आणि तिला दलाल लागत नाही. रुग्णाला मात्र डॉक्टरकडेच न्यावे आणि मुलांना शाळेतच पाठवावे.